‘मेडिसिन’ हा शब्द कोणाचा?

१/ मराठी घरांत रोज उच्चारल्या जाणाऱ्या इंग्रजी शब्दांत ‘मेडिसिन’चा क्रमांक बराच वर लागेल. ‘मेडिसिन घेतलंस का?’ या प्रश्नात तो शब्द म्हणजे गोळी. ‘धाकटी मेडिसिनला आहे’ या वाक्यात तो अनेक वर्षांचा अभ्यासक्रम. रुग्णालयाच्या फलकावर ‘मेडिसिन विभाग’ म्हणजे जेथे शस्त्रक्रिया होत नाही तो विभाग. कोपऱ्यावरच्या दुकानाला तर सारे गाव ‘मेडिकल’ एवढेच म्हणते. शब्द एक, वापर चार, आणि बोलणाऱ्याला यात कधी अडखळल्यासारखे वाटत नाही.

२/ कोशात पाहावे तर पहिला प्रतिशब्द ‘औषध’. या धाग्याचे म्हणणे असे की ‘मेडिसिन’चा अर्थ कोशकारांनी कधीच ठरवला नाही. औषध कोणी द्यावे, कोणी विकावे आणि औषध दिल्याबद्दल कोणाला कोठडीत टाकावे, हे ज्यांच्या हाती होते त्यांनी तो ठरवला. याचा सर्वांत स्पष्ट पुरावा एका देशात, एका वर्षी सापडतो : अमेरिका, १८८३. तेथे पोहोचण्यापूर्वी शब्दाचे कूळ पाहणे आवश्यक आहे.

३/ लॅटिनमध्ये ‘मेडिकुस’ म्हणजे वैद्य आणि ‘मेडिसिना’ म्हणजे वैद्याची कला. त्यांच्यामागे ‘मेदेरी’ म्हणजे बरे करणे, हे क्रियापद. भाषाशास्त्रज्ञ हे सारे ‘मेद्’ या आद्य इंडो-युरोपीय धातूपर्यंत नेतात. त्या धातूचा अर्थ मापणे, योग्य ते माप ठरवणे. इंग्रजीतील ‘रेमेडी’ (उपाय), ‘मॉडरेट’ (माफक), ‘मॉडेस्ट’ (विनम्र) आणि ‘मेडिटेट’ (चिंतन करणे) ही त्याच कुळातील भावंडे. म्हणजे शब्दाच्या मुळाशी काढा नाही, बाटली नाही; किती आणि केव्हा हे ओळखणारी विवेकबुद्धी आहे.

४/ मराठीत हाच विचार ‘मात्रा’ या शब्दात जिवंत आहे. तो ‘मा’ म्हणजे मोजणे या संस्कृत धातूपासून आला. दोन धातूंचे नाते जोडण्याची घाई करू नये. साम्य कल्पनेचे आहे आणि तेवढेच पुरेसे आहे. वैद्याची मात्रा सहाणेवर उगाळून चाटवली जाई. ती लागू पडली तर गुण, नाही तर ‘मात्रा चालेना’. ‘त्याच्यापुढे कोणाची मात्रा चालत नाही’ असे आजही म्हणतात, तेव्हा औषधाचा शब्द सहजच सत्तेचा शब्द झालेला असतो.

५/ मराठीने एक भेद मात्र कसोशीने पाळला आहे. वस्तू ती ‘औषध’, विद्या ते ‘वैद्यक’. औषध हे ‘ओषधी’पासून, म्हणजे वनस्पतीपासून आले, वैद्य हा ‘विद्’पासून, म्हणजे जाणण्यापासून. इंग्रजीत दोन्हींचा भार ‘मेडिसिन’ हा एकच शब्द वाहतो. मध्ययुगात तो फ्रेंचमधून इंग्रजीत आला, तेव्हापासून त्याचे हे दुहेरी आयुष्य चालू आहे. त्यामुळे अनुवादकाला प्रत्येक वाक्यात निवड करावी लागते. निवड चुकली तर इतिहासही चुकतो.

६/ औषधाच्या शब्दांना वळणे घेण्याची खोडच असते. ग्रीकमधील ‘फार्माकोन’ म्हणजे औषध आणि विषही. फारसीत ‘दारू’ म्हणजे औषध. मराठीच्या ‘दवादारू’ या जोडशब्दात तो जुना अर्थ अजून शाबूत आहे, पण एकटी ‘दारू’ गुत्त्यात जाऊन बसली आणि ‘दारूगोळ्या’तून तोफखान्यातही पोहोचली. सोळाव्या शतकात पॅरासेल्सस या वैद्याने सांगितले होते की विष आणि औषध यांतील फरक मात्रेचा असतो. शब्दांच्या या प्रवासाकडे पाहता ते म्हणणे भाषेलाही लागू पडते.

७/ रोजच्या इंग्रजीत ‘आपले मेडिसिन घेणे’ म्हणजे झालेली शिक्षा निमूटपणे भोगणे. दुसऱ्याला त्याच्याच मेडिसिनची चव देणे म्हणजे मराठीतले जशास तसे. मराठीचे वळण निराळे आहे. ‘औषधालाही सापडत नाही’ म्हणजे अत्यंत दुर्मीळ आणि ‘स्वभावाला औषध नाही’ म्हणजे हात टेकणे. मराठीत औषध दुर्मिळतेशी आणि मर्यादेशी जोडले गेले. इंग्रजीत ते आज्ञापालनाशी जोडले गेले. कडू घोट ठरवणारा एक आणि गिळणारा दुसरा. ही जोडी पुढे उपयोगी पडेल.

८/ आता लंडन. १५१८ मध्ये तेथे वैद्यांच्या महाविद्यालयाला राजाची सनद मिळाली. १५४० मध्ये न्हावी आणि शल्यकर्मी यांचा एकत्रित संघ झाला. १६१७ मध्ये औषधे कुटणाऱ्या व विकणाऱ्या अ‍ॅपोथेकरींनी स्वतःची वेगळी संस्था मिळवली. कागदावरची विभागणी स्वच्छ होती : वैद्याने विचार करावा, शल्यकर्म्याने कापावे, अ‍ॅपोथेकरीने सांगितले तेवढे मिसळावे. डोके, हात आणि खल अशी ही तीन जातींची उतरंड होती. गरीब रुग्णाला वैद्य परवडत नसे. तो थेट अ‍ॅपोथेकरीकडे जाई.

९/ विल्यम रोझ या अ‍ॅपोथेकरीने जॉन सील नावाच्या खाटकाला वैद्याला न विचारता औषधे दिली. वैद्यांच्या महाविद्यालयाने त्याच्यावर खटला भरला. प्रश्न एकच : औषध देणे म्हणजे वैद्यकी करणे होय काय? खालच्या न्यायालयात महाविद्यालय जिंकले, पण १७०४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल फिरवला. अ‍ॅपोथेकरीला रुग्णावर उपचार करण्याची मोकळीक मिळाली. सल्ल्याचे पैसे घेण्याची मात्र मिळाली नाही. पैसे घ्यायचे ते औषधाचेच.

१०/ या निकालाचा परिणाम वरवर दिसतो त्याहून खोल आहे. ज्याचे पोट औषधाच्या किमतीवर, तो औषध जास्तच देणार. विचाराला मोल नाही आणि बाटलीला आहे, हा हिशेब रुग्णाच्या मनातही रुजतो. आजही ‘डॉक्टरांनी काहीच दिले नाही, नुसते बोलले’ ही तक्रार ऐकू येते. त्या तक्रारीत शब्दाचा मूळ अर्थ, म्हणजे मापून विचार करणे, ‘काहीच नाही’ ठरलेला असतो. त्याचे सारे खापर एका खटल्यावर फोडता येणार नाही, पण हे वळण कसे पडते याचा तो उत्तम नमुना आहे.

११/ १८५८ च्या ब्रिटिश कायद्याने पात्र वैद्यांची अधिकृत नोंदवही सुरू केली. जुनी उतरंड पदवीच्या नावात तशीच राहिली : बॅचलर ऑफ मेडिसिन, बॅचलर ऑफ सर्जरी. १८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले होते. त्या मार्गाने ‘मेडिसिन’ हा शब्द महाराष्ट्रात आला तो असा, लंडनच्या भांडणाच्या खुणा अंगावर घेऊन. रुग्णालयाच्या फलकावर मेडिसिन आणि सर्जरी अजूनही शेजारी शेजारी, पण वेगळे लिहिलेले असतात ते याच कारणाने.

१२/ हाच शब्द अटलांटिक ओलांडून गेला तेव्हा त्याला तिसरा अर्थ चिकटला. १८०४ ते १८०६ या काळात लुइस आणि क्लार्क यांची मोहीम मिसुरी नदीच्या काठाने पश्चिमेकडे गेली. क्लार्कचा गुलाम यॉर्क हा कृष्णवर्णीय होता. त्याला पाहून अरिकारा लोक चकित झाले आणि त्यांनी त्याला ‘मोठे मेडिसिन’ म्हटले, अशी नोंद मोहिमेच्या रोजनिशीत आहे. येथे मेडिसिन म्हणजे औषध नव्हे. अद्भुत, गूढ, सामर्थ्यशाली असे जे काही असेल ते.

१३/ मूलनिवासींच्या अनेक भाषांतील वेगवेगळ्या कल्पना या एका इंग्रजी शब्दात कोंबल्या गेल्या. लाकोटा भाषेचे उदाहरण पाहावे. ‘पेझुता’ म्हणजे औषधी वनस्पती आणि ती जाणणारा ‘पेझुता विचाशा’. ‘वाकान’ म्हणजे पवित्र, अगम्य आणि त्याच्याशी व्यवहार करणारा ‘विचाशा वाकान’. लाकोटांच्या लेखी ही दोन वेगळी कामे. इंग्रजीने दोघांनाही ‘मेडिसिन मॅन’ म्हटले. वैद्य आणि पुरोहित यांच्यातील सीमारेषा एका अनुवादात पुसली गेली.

१४/ नकाशावर तो शब्द आजही विखुरलेला आहे. वायोमिंगमध्ये मेडिसिन बो, कॅनडात मेडिसिन हॅट, कॅन्सासमध्ये मेडिसिन लॉज. याच मेडिसिन लॉजच्या परिसरात १८६७ मध्ये अमेरिकेच्या सरकारने कायोवा, कोमांची, शायान, अरापाहो इत्यादी लोकांशी करार केले आणि त्यांना राखीव भूभागांकडे ढकलले. पवित्र स्थळाचे नाव आणि भूमी गमावण्याचा कागद, दोन्ही एकाच शब्दाखाली नोंदले गेले.

१५/ आता १८८३. त्या वर्षी अमेरिकेच्या गृहखात्याने राखीव भूभागांसाठी ‘इंडियन गुन्ह्यांची न्यायालये’ स्थापन केली. गृहमंत्री हेन्री टेलर आणि मूलनिवासी व्यवहारांचे आयुक्त हायरम प्राइस यांच्या संमतीने नियम निघाले. सूर्यनृत्य हा गुन्हा. अनेक विवाह हा गुन्हा. आणि ‘मेडिसिन मॅन’च्या प्रथा हाही गुन्हा. शिक्षा : किमान दहा दिवस कोठडी, अथवा आपण हे सारे कायमचे सोडू याची खात्री अधिकाऱ्याला पटेपर्यंत बंदिवास.

१६/ या नियमातील कारणे नीट वाचण्यासारखी आहेत. रुग्ण दगावतात, वनस्पती घातक आहेत, हा आरोपाचा गाभा नव्हता. हे लोक मुलांना शाळेत जाऊ देत नाहीत आणि आपल्या माणसांना जुन्या रूढी सोडू देत नाहीत, हा होता. म्हणजे शिक्षा उपचाराला नव्हती, प्रभावाला होती. प्रथम पवित्र गोष्टीला ‘मेडिसिन’ म्हणायचे, मग ते खोटे मेडिसिन आहे असे ठरवायचे, आणि त्या निमित्ताने पवित्र गोष्टच बेकायदा करायची. अनुवादाची चूक येथे कायद्याचे हत्यार झाली.

१७/ त्याच काळात अमेरिकेच्या गावोगावी एक वेगळाच ‘मेडिसिन’ धुमाकूळ घालत होता. १८८१ च्या सुमारास जॉन हीली आणि चार्ल्स बिगेलो यांनी ‘किकापू इंडियन मेडिसिन कंपनी’ काढली. भाड्याने आणलेले मूलनिवासी कलाकार, ढोल, नाच, कसरती, आणि मध्येच ‘सागवा’ नावाच्या काढ्याची विक्री. किकापू जमातीशी त्या काढ्याचा काडीचाही संबंध नव्हता. खऱ्या विचाशा वाकानला कोठडी आणि त्याच्या नावाचा तमाशा करणाऱ्याला गल्ला, असे हे एकाच देशातले दोन न्याय.

१८/ हे ‘पेटंट मेडिसिन’चे युग होते. नाव पेटंट, पण बहुतेकांनी पेटंट घेतलेलेच नसे, कारण पेटंट घ्यायचे तर घटक उघड करावे लागत. रडणाऱ्या बाळांना शांत करणाऱ्या ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’मध्ये मॉर्फिन होते. स्त्रियांच्या विकारांवर विकल्या जाणाऱ्या लिडिया पिंकहॅम यांच्या ‘व्हेजिटेबल कंपाउंड’मध्ये १८ टक्क्यांच्या आसपास मद्यार्क होता. फारसीतील ‘दारू’ने मराठीत केलेला प्रवास येथे एका बाटलीत उलटा झाला : दारूच औषध म्हणून विकली गेली.

१९/ पिंकहॅम यांच्या जाहिराती स्त्रियांना सांगत की पुरुष डॉक्टरांपुढे संकोच वाटतो ना, मग मिसेस पिंकहॅमना पत्र लिहा. लिडिया पिंकहॅम १८८३ मध्येच वारल्या. पत्रे मागवणे थांबले नाही. १९०५ मध्ये एका मासिकाने त्यांच्या थडग्याचे छायाचित्र छापले, तेव्हा सल्ला देणारी बाई बावीस वर्षांपूर्वीच गेली होती हे अनेकींना कळले. ही निव्वळ फसवणूक म्हणून हसून सोडून देण्याची गोष्ट नाही. स्त्री डॉक्टर मिळत नव्हती, म्हणून स्त्रीचे चित्र असलेली बाटली खपत होती.

२०/ आणि नेमक्या त्याच वर्षी, जून १८८३ मध्ये, आनंदीबाई जोशी अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरल्या. फेब्रुवारीत त्यांनी सेरामपूर येथील भाषणात आपण का जात आहोत हे जाहीरपणे सांगितले होते. भारतात स्त्री डॉक्टरांची गरज आहे आणि संकोचापायी स्त्रिया उपचारांविना राहतात, हा त्यातला मुख्य मुद्दा. पिंकहॅमच्या बाटलीने ज्या संकोचाचा बाजार मांडला, त्याच संकोचावर आनंदीबाईंचे उत्तर होते विद्या. त्या औषध आणायला गेल्या नव्हत्या, वैद्यक शिकायला गेल्या होत्या.

२१/ फिलाडेल्फियातील ‘विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया’ने मार्च १८८६ मध्ये त्यांना डॉक्टर ऑफ मेडिसिन ही पदवी दिली. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. हा तपशील अनेकदा कौतुकाच्या भरात निसटतो. ज्या देशात मूलनिवासींच्या ज्ञानाला ‘मेडिसिन’ म्हणून तुरुंग दाखवला जात होता, तेथे एका मराठी स्त्रीने आपल्या परंपरेतील ज्ञान ‘मेडिसिन’च्या पदवीसाठी मांडले आणि ते स्वीकारले गेले. फरक काय होता? तिची परंपरा ग्रंथबद्ध होती, आणि महाविद्यालयाने तिला पाहुणी मानले होते, प्रजा नव्हे.

२२/ आनंदीबाई गेल्या आणि त्याच वर्षीच्या शरदात सुझन ला फ्लेश ही ओमाहा जमातीची तरुणी त्याच महाविद्यालयात दाखल झाली. १८८९ मध्ये ती वर्गात पहिली आली. वैद्यकीय पदवी मिळवणारी ती पहिली मूलनिवासी अमेरिकी स्त्री मानली जाते. नेब्रास्कातील आपल्या लोकांत परतून १,२०० हून अधिक माणसांची जबाबदारी तिने एकटीने सांभाळली. औषध म्हणून आणि व्यापार म्हणून पसरवल्या गेलेल्या दारूविरुद्ध ती आयुष्यभर लढली. १९१३ मध्ये वॉल्टहिल येथे तिच्या प्रयत्नांतून रुग्णालय उभे राहिले.

२३/ सुझनच्या आयुष्यात या शब्दाचे सारे अर्थ एकमेकांना भिडतात. तिच्याच लोकांचे ‘मेडिसिन मॅन’ कायद्याने गुन्हेगार होते आणि तिच्या हाती त्याच राज्यसंस्थेने मान्य केलेली मेडिसिनची पदवी होती. तिला दोन्हींपैकी एका बाजूचे प्रतीक बनवणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. तिने कोणत्याही शब्दाचा कैवार घेतला नाही. घोड्यावरून मैलोन्‌मैल जाऊन आजारी माणूस पाहिला. शब्दाचा मूळ अर्थ असाच जगला जातो.

२४/ या मांडणीवर एक रास्त आक्षेप येईल. मग सारे उपचार सारखेच मानायचे का? मुळीच नाही. १९०६ च्या अमेरिकी कायद्याने मद्यार्क, अफू, मॉर्फिन यांचा उल्लेख वेष्टनावर सक्तीचा केला आणि त्यामुळे अनेक बाळे वाचली असतील, यात शंका घेण्याचे कारण नाही. पुराव्याची मागणी हा सत्तेचा डाव नसतो, तो रुग्णाचा हक्क असतो. प्रश्न नियमन असावे की नसावे हा नाही. प्रश्न असा की नियमनाचा आसूड कोणाच्या पाठीवर आधी आणि किती जोरात पडला.

२५/ उत्तरासाठी दोन शिक्षा शेजारी ठेवाव्यात. क्लार्क स्टॅन्ली हा ‘सापाचे तेल’ विकणारा प्रसिद्ध विक्रेता. त्याच्या मालाची सरकारी तपासणी झाली, तेव्हा त्यात खनिज तेल, प्राणिज चरबी, मिरची, टर्पेंटाइन असे घटक निघाले. १९१६ च्या सुमारास त्याला २० डॉलर दंड झाला. आणि १८८३ च्या नियमानुसार ‘मेडिसिन मॅन’ला किमान दहा दिवस कोठडी. एकाने ग्राहक फसवले. दुसऱ्याने आपल्या लोकांची श्रद्धा जपली. कोणता गुन्हा मोठा ठरला, हे शिक्षांवरून कळते.

२६/ भारतातही नोंदवहीचा प्रश्न असाच राजकीय होता. मुंबई इलाख्यात १९१२ च्या कायद्याने पाश्चात्त्य वैद्यकाच्या पदवीधरांची नोंदणी सुरू झाली. वैद्य आणि हकीम यांच्या नोंदणीचा कायदा आला तो १९३८ मध्ये, प्रांतिक स्वायत्ततेनंतर निवडून आलेल्या सरकारच्या काळात. मधल्या २६ वर्षांत आयुर्वेदाचे स्वरूप काही बदलले नव्हते. बदलली होती ती नोंदवही उघडणारी माणसे. ‘मेडिसिन’च्या चौकटीत कोण बसणार, हे मतपेटीनेही ठरते ते असे.

२७/ शेवटी पुन्हा आनंदीबाई. त्यांना क्षयाने ग्रासले होते. कोलकात्यात असताना प्रकृती ढासळली, तेव्हा त्यांच्या अमेरिकी सुहृद थिओडिशिया कार्पेंटर यांनी तिकडून औषधे पाठवली होती. गुण आला नाही. पुढे फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्यांचा अंत झाला, वयाची २२ वर्षेही पुरी होण्याआधी. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने १८८२ मध्येच दाखवून दिला होता. त्याला मारणारे स्ट्रेप्टोमायसिन सापडले १९४३ मध्ये. वैद्यक होते, औषध नव्हते. मराठीने जपलेला तो भेद येथे ६१ वर्षांचा होतो.

२८/ म्हणून इतिहासाच्या साधनांत ‘मेडिसिन’ हा शब्द भेटला की ‘औषध’ लिहून पुढे जाऊ नये. विद्या म्हणायची आहे, वस्तू म्हणायची आहे, की पवित्र सामर्थ्य? हा शब्द कोणी कोणासाठी वापरला? त्या वापरामुळे कोणाला परवाना मिळाला आणि कोणाला कोठडी? एवढे प्रश्न विचारले की जुना कागद बोलू लागतो. अर्काइव्हमध्ये बसणाऱ्याला ही सवय जितकी लवकर लागेल तितके बरे.

२९/ मराठी अनुवादकांवरही एक जबाबदारी आहे. ‘मेडिसिन मॅन’चे ‘मांत्रिक’ किंवा ‘जादूटोणा करणारा’ असे भाषांतर सर्रास केले जाते. ते करताना १८८३ च्या त्या नियमावर नकळत मराठी सही होते. ‘वैदू’ म्हणावे तर ती महाराष्ट्रातील एका भटक्या जमातीची ओळख आहे. मूळ भाषेतील शब्दच ठेवून त्याचा अर्थ सांगणे हा अधिक प्रामाणिक मार्ग. वाचक ‘विचाशा वाकान’ला घाबरत नाही. त्याने सामुराई आणि फॅरो केव्हाच पचवले आहेत.

३०/ अमेरिकेत मूलनिवासींच्या धार्मिक स्वातंत्र्याचा कायदा संमत झाला तो १९७८ मध्ये. १८८३ पासून मोजले तर ९५ वर्षे. तेवढा काळ एका समाजाची प्रार्थना चुकीच्या शब्दाखाली नोंदलेली होती आणि त्याची किंमत माणसांनी दिली. ज्या शब्दाच्या मुळाशी योग्य माप ठरवणे आहे, त्याने कोणाला कोणते माप लावले, हे मोजत राहणे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम आहे. धागा समाप्त.